आजारपणाची रजा कुणाच्या वाट्याला?



आजच्या बोलण्याची सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. तुम्ही आजारी पडलात, तर त्या दिवसाचे पैसे तुम्हाला कोण देतं?

शाळेतल्या बाईंना रजा आहे, बँकेतल्या मॅडमना आहे. एसटीत कंडक्टर असलेल्या आपल्या ताईलासुद्धा रजा मिळते, बाळंतपणाची तर पगारी मिळते. पण बाजारात भाजी घेऊन बसणारी, घरी शिलाई मशीन चालवणारी, मसाला कुटून विकणारी, शेळ्या राखणारी, चार डबे करून देणारी बाई? तिने अंथरूण धरलं की त्या दिवसाची कमाई शून्य. आपण अभिमानाने म्हणतो, 'स्वतःचा धंदा आहे, कुणाची चाकरी नाही.' अभिमान खराच आहे. पण चाकरी नाही, म्हणून रजाही नाही, हे त्याच वाक्याचं दुसरं टोक आहे.

आम्ही गटांचं काम करणाऱ्या. कर्जाचा हप्ता थकला की कारण विचारतो. धंदा बसला, माल खपला नाही, अशी कारणं ऐकू येतात, नाही असं नाही. पण पुन्हा पुन्हा ऐकू येतं ते आजारपण. कुणाचा टायफॉइड, कुणाच्या सासूचं ऑपरेशन, कुणाचं बाळंतपण, कुणाची धरलेली कंबर. म्हणून आम्हाला वाटलं, ही रजा काहींच्या वाट्याला आली आणि काहींच्या आली नाही, असं झालं तरी कसं, हे एकदा मागे जाऊन बघावं. हे देवाने ठरवलेलं नाही. माणसांनी कायदे करून ठरवलेलं आहे. साधारण शंभर वर्षांची ही गोष्ट आहे आणि तिची सुरुवात आपल्याच मुंबईत होते.

गिरणीतली बाई

मुंबईत १८५४ साली पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला गेला. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी, शिवडी हा सगळा भाग गिरणगाव झाला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, नगर अशा भागांतून माणसं कामाला आली. त्यात बायाही होत्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. सूत गुंडाळायच्या रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत त्या जास्त असत. तिथे कामाच्या मापावर मजुरी मिळे, म्हणजे हात चालला तर पैसा.

त्या बायांची बाळं कुठे असत? काही गिरणीतच मशीनच्या बाजूला, काही चाळीतल्या म्हातारीकडे. बाळाने रडू नये, झोपून राहावं म्हणून अफूची गोळी देत. तिला 'बाळगोळी' म्हणत. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरकडून गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाची पाहणी करून घेतली. तेव्हा कामगार बायांच्या घरात ही अफू किती सर्रास आहे, ते सरकारदरबारी नोंदलं गेलं. आई वाईट नव्हती. बाळाजवळ बसली तर मजुरी बुडत होती, एवढंच.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात आसवले यांनी गिरणीतल्या बायांना बाळंतपणाचा भत्ता मिळावा म्हणून बिल मांडलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा त्या मंडळाचे सभासद होते. त्यांनी बिलाला ठाम पाठिंबा दिला. त्यांचं म्हणणं असं होतं, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं यात सगळ्या देशाचं हित आहे. हा बोजा मुख्यतः सरकारने उचलायला हवा. पण बाईच्या कामातून मालकालाही फायदा होतो, तेव्हा त्यानेही आपला वाटा उचलला पाहिजे.

१९२९ साली कायदा झाला. देशातला अशा प्रकारचा तो पहिला कायदा. रोजचे ८ आणे या हिशेबाने ठरावीक आठवड्यांचा भत्ता गिरणीने द्यायचा, असं ठरलं. आज ८ आणे ऐकून हसू येईल. पण बाळंतीण घरात बसलेली असताना तिच्या हातात पैसा येतो, ही गोष्टच तेव्हा नवी होती.

आता यातली एक बारीक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. भत्ता बाईला मिळाला तो आई म्हणून नव्हे. गिरणीच्या हजेरीपटावर तिचं नाव होतं म्हणून मिळाला. नाव पटावर, तर भत्ता. पट नाही, तर भत्ता नाही. बाबासाहेबांनी सरकारचा वाटा आणि मालकाचा वाटा असं दोन्ही सांगितलं होतं. कायद्यात उतरला तो मालकाचा वाटा.

आणि पुढे झालं काय? बायांची नावं पटावरून कमी कमी होत गेली. याला कारणं अनेक. बायांना रात्रपाळीला बंदी होती आणि गिरण्या दोन-तीन पाळ्यांत चालू लागल्या. नवी यंत्रं आली, तेव्हा ज्या खात्यांत बाया होत्या तिथलीच माणसं आधी कमी झाली. त्यात भत्ता द्यावा लागणारी बाई ठेवण्यापेक्षा पुरुष ठेवलेला बरा, असाही हिशेब झाला. १९२० च्या दशकात जिथे पाचात एक बाई होती, तिथे १९७० च्या दशकात बाया अगदी तुरळक उरल्या.

गिरणीतून बाहेर पडलेल्या आणि गिरणीत कधी न शिरलेल्या बाया घरी स्वस्थ बसल्या नाहीत. कोणी भाजी विकली, कोणी मासळी, कोणी धुणीभांडी केली. आणि पुष्कळ जणींनी खानावळ घातली.

दहा बाय दहाची खानावळ

गिरणगावातले बरेच पुरुष बायकामुलं गावी ठेवून एकटे राहत. एका खोलीत दहा-बारा, कधी वीस जण. पाळीप्रमाणे झोपायचे, पाळीप्रमाणे जेवायचे. त्यांना जेवू घालणारी ती खानावळवाली.

तिचा दिवस डोळ्यासमोर आणा. पहिल्या पाळीचे कामगार सकाळी सातच्या आत गिरणीत हजर, म्हणजे चूल पहाटे पेटलेली. दुपारी दुसऱ्या पाळीची पानं. रात्री परत आलेल्यांची पानं. मधल्या वेळात दळण, बाजारहाट, पाणी भरणं, भांड्यांचा ढीग. चाळीतली दहा बाय दहाची खोली, एक खिडकी, कोळशाची शेगडी नाहीतर रॉकेलचा स्टोव्ह. त्या धुरात ती वर्षानुवर्षं बसलेली.

कामगार पैसे द्यायचा महिन्याचा पगार झाला की. ती मात्र महिनाभर वाण्याकडून उधार आणायची. वाणी उधारीवर चढा भाव लावायचा. तेही पुरलं नाही, तर सावकार, आणि सावकाराकडे मंगळसूत्र. म्हणजे गिरणीतल्या माणसाचा महिनाभराचा पोटाचा खर्च आधी ती उचलत होती, आणि व्याजही तीच भरत होती. मुंबईचा कापडधंदा अशा हजारो बायांच्या उधारीवर जेवत होता. तिचं नाव मात्र कुठल्याच पटावर नव्हतं.

इकडे देशात कामगारांच्या आजारपणाचा विचार सुरू झाला होता. १९४४ साली प्रा. बी. पी. अदारकर या अर्थतज्ज्ञांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल सरकारला दिला. बाबासाहेब त्या वेळी केंद्रात मजूर खात्याचे मंत्री होते. त्या अहवालाच्या पायावर १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आपण ज्याला 'ईएसआय' म्हणतो, तोच. १९५२ साली कानपूर आणि दिल्लीत त्याची सुरुवात झाली, मग तो मुंबईसह इतर शहरांत आला. कामगार काही पैसे भरतो, मालक त्याहून जास्त भरतो. बदल्यात दवाखाना मिळतो, औषध मिळतं आणि आजारपणाच्या दिवसांचा भत्ताही मिळतो.

हा 'भत्ता' शब्द नीट ऐका. औषध फुकट मिळणं वेगळं आणि बुडालेल्या दिवसाचे पैसे मिळणं वेगळं. ईएसआयमध्ये दोन्ही आहे. आजच्या नियमाप्रमाणे आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. त्यासाठी मालक पगाराच्या सव्वातीन टक्के भरतो आणि कामगार पाऊण टक्का.

आता त्या दहा बाय दहाच्या खोलीत परत या. जेवायला येणारा कामगार तापाने पडला, तर त्याला ईएसआयचा डॉक्टर आहे, भत्ता आहे. खानावळवालीने करून दिलेली पेज आहे. आणि खानावळवाली तापाने पडली तर? डॉक्टरचे पैसे तिचे. त्या दिवसाची कमाई गेली. कामगार दुसऱ्या खानावळीत गेला तर गिऱ्हाईक गेलं. वाण्याचा हिशेब चालूच, सावकाराचं व्याजही चालूच. म्हणून ती तापातही चुलीपुढे बसायची. नाहीच उठवलं, तर तिच्या जागी बारा-तेरा वर्षांची मुलगी बसायची आणि मुलीची शाळा सुटायची. आईच्या आजारपणाची रजा लेकीने भरून दिली, असंच म्हणा.

त्याच खोलीतली, एकाच पातेल्यातलं खाणारी ही दोन माणसं. एकाच्या आजारपणाला कायद्याचा आधार, दुसरीच्या आजारपणाला कोणाचाच नाही. उत्पन्नातली आणि आरोग्यातली विषमता म्हणतात ती हीच, मैत्रिणींनो.

अन्नपूर्णा

प्रेमा पुरव हे नाव तुमच्यापैकी अनेकींनी ऐकलं असेल. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आणि नंतर मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या या कार्यकर्त्या. गिरण्यांचे संप व्हायचे, तेव्हा कामगारांना पगार नसायचा. तरी खानावळवाल्या उधारीवर जेवू घालत राहायच्या. संप टिकायचा तो त्यांच्या भाकरीवर, आणि संप मिटला की त्यांचं कर्ज उरायचं. हे प्रेमाताईंनी जवळून पाहिलं.

१९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ साली झालेलं होतं. गरिबांना ४ टक्के व्याजाने कर्ज देण्याची सरकारी योजना १९७२ पासून होती. पण खानावळवालीकडे तारण काय? खोली भाड्याची आणि मंगळसूत्र सावकाराकडे. मग बायांनी गट करून एकमेकींची हमी घेतली. सुरुवात मोजक्या जणींनी केली, मग हजारो जणी जोडल्या गेल्या. बँकेतून मिळालेल्या पैशातून वाण्याचा हिशेब रोखीने भागला आणि सावकार सुटला. आपले आजचे बचत गट पुढे आले, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

पण कर्जाने एक प्रश्न सुटला, दुसरा राहिला. बाई आजारी पडली की हप्ता थकतो. सावकाराचा थकायचा तसाच बँकेचाही थकतो. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतला मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिने उलटले, पुष्कळ जण गावी गेले आणि बरेच परत आलेच नाहीत. कामगारांच्या हालाची नोंद इतिहासात झाली. खानावळीचं गिऱ्हाईक गेलं, त्या बायांचं काय झालं, हे त्या मानाने फार थोडं लिहिलं गेलं. 'अन्नपूर्णा'च्या बायांनी पुढे कार्यालयांना डबे पुरवणं, समारंभांचा स्वयंपाक घेणं अशी नवी कामं धरली. प्रेमाताईंच्या कन्या मेधा पुरव सामंत यांनी १९९३ साली पुण्यात कष्टकरी बायांबरोबर काम सुरू केलं. तिथे कर्जाच्या जोडीने आजारपण आणि मृत्यूसाठी सभासदांचा स्वतःचा निधीही उभा राहिला. नुसत्या कर्जाने भागत नाही, हा धडा त्यात होता.

अहमदाबादचा प्रश्न: तुम्ही भांडणार कुणाशी?

हाच धडा आणखी एका शहरातल्या बाया शिकत होत्या. अहमदाबादही गिरण्यांचं शहर. १९६० पर्यंत ते आणि आपण एकाच राज्यात होतो. तिथल्या कापड कामगारांच्या मजूर महाजन या संघटनेत इला भट्ट काम करत. डोक्यावर ओझी वाहणाऱ्या, गाडे ओढणाऱ्या, जुने कपडे आणि भाजी विकणाऱ्या बाया त्यांच्याकडे आल्या. १९७२ साली 'सेवा' या संघटनेची नोंदणी करायची ठरली, तेव्हा सरकारी कार्यालयाने हरकत घेतली. तुम्हाला मालक नाही, मग युनियन कसली? तुम्ही भांडणार कुणाशी? बायांचं म्हणणं असं, की युनियन कुणाच्या विरुद्धच असावी लागते असं नाही, ती कामगारांच्या एकीसाठी असते. अखेर नोंदणी झाली.

१९७४ साली या बायांनी स्वतःची सहकारी बँक काढली. ४ हजार जणींनी प्रत्येकी १० रुपयांचं भागभांडवल घातलं. आणि कर्जं थकू लागली, तेव्हा बँकेच्या बायांनी नोटिसा पाठवून न थांबता घरोघर जाऊन चौकशी केली. त्यांना दिसलं की कर्ज थकण्याचं मोठं कारण आजारपण आहे. काही जणी तर बाळंतपणात गेल्या होत्या. बुडवेपणा नव्हता, बाईच उरली नव्हती.

तेव्हापासून 'सेवा'ने बाळंतपणाच्या मदतीची योजना, आरोग्याचं काम, आणि १९९२ पासून विम्याचं काम बचत आणि कर्जाच्या जोडीला बांधलं. त्यांनी कामाचा क्रमच बदलला. बाईची तब्येत हे घरगुती प्रकरण न राहता धंद्याचं भांडवल म्हणून मोजलं जाऊ लागलं.

पुढे १९८७ साली केंद्र सरकारने स्वयंरोजगार करणाऱ्या आणि असंघटित क्षेत्रातल्या बायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला. इलाबेन त्याच्या अध्यक्ष. १९८८ साली त्यांचा 'श्रमशक्ती' अहवाल आला. आयोगाचे सभासद राज्याराज्यांत फिरले, बायांशी बोलले. बाईचं काम, तिची मिळकत आणि तिचं आजारपण हे तीन वेगळे प्रश्न नाहीत, हे त्या अहवालाने सरकारपुढे मांडलं. विडी वळणारीची पाठ, तंबाखूच्या धुळीचा खोकला, चुलीच्या धुराने चुरचुरणारे डोळे, सुईवर वाकून गेलेली नजर, ही सगळी कामाची दुखणी आहेत. कारखान्यात झाली असती तर त्यांना कामाची दुखणी म्हटलं असतं. घरात झाली म्हणून 'बायकांचं दुखणं' म्हटलं गेलं.

मालक ठरलेला नसला तरी

'मालक नाही तर पैसे भरणार कोण?' हा प्रश्न अजूनही विचारला जातो. त्याचं एक उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडतं. बाजारात पोती उचलणाऱ्या माथाडी कामगाराला एक मालक नव्हता. आज या व्यापाऱ्याचं पोतं, उद्या त्याचं. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. मंडळं स्थापन झाली. ज्याचं पोतं उचललं त्या व्यापाऱ्याने मजुरीबरोबर ठरावीक लेव्ही मंडळात भरायची आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, औषधोपचार अशा सोयी द्यायच्या. म्हणजे एक मालक नसला, तरी धंद्यातून फायदा घेणारे पुष्कळ जण असतात आणि त्यांच्याकडून वाटा घेता येतो. विडी कामगारांसाठी १९७६ साली विडीवर उपकर बसवून कल्याण निधी झाला, तोही याच विचाराचा.

हे झालं नाही तर काय होतं, त्याचं उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. ऊसतोडीला जाणारी नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली. कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी मधला माणूस. खाडा पडला तर पैसे कापले जातात. पाळीचा त्रास, अंगावरून जाणं, पोटदुखी, यातलं काही झालं तरी खाडा परवडत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या प्रकरणी राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तपासणीत आलेल्या सुमारे ८२ हजार बायांपैकी १३ हजारांहून जास्त बायांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यात विशी-तिशीतल्या बायाही होत्या. एक दिवसाच्या रजेची किंमत शरीराच्या एका अवयवाने चुकवावी लागते, ती अशी.

आजचा हिशेब

आता आपल्या आजच्या योजना बघू. राज्यात महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झाली, मग राज्यभर झाली. ठरलेल्या रुग्णालयात ठरलेल्या उपचारांना पैसे लागत नाहीत. तिने खूप घरं वाचवली आहेत. कार्ड काढलं नसेल तर जरूर काढा. पण ही योजना रुग्णालयाचं बिल भरते. बुडालेले दिवस भरत नाही. गावातल्या दवाखान्यात घेतलेली इंजेक्शनं आणि गोळ्याही भरत नाही.

बाळंतपणाचं बघा. नोकरीतल्या बाईला २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांत. त्याच वर्षी सुरू झालेल्या मातृवंदना योजनेत आपल्यासारखीला पहिल्या बाळासाठी ५ हजार रुपये मिळतात. २६ आठवड्यांचे दिवस होतात १८२. पाच हजारांना १८२ ने भागा. दिवसाला साडेसत्तावीस रुपये येतात. १९२९ साली गिरणीतली बाई आणि खानावळवाली यांच्यात जी भिंत उभी राहिली, ती अजून तिथेच आहे. फक्त तिला एक लहानशी खिडकी पडली आहे.

आणि भाजी विकणाऱ्या बाईचा हिशेब मांडू. समजा, ती दिवसाला ३०० रुपये मिळवते. टायफॉइडने दहा दिवस घरी राहिली. ३ हजार रुपये कमाई गेली. औषधपाणी समजा अडीच हजार. आदल्या दिवशी भरलेला माल नासला, ५०० रुपये. एकूण ६ हजार. यातले औषधाचे अडीच हजार सगळ्यांना दिसतात, उरलेले साडेतीन हजार कुणाच्याच हिशेबात येत नाहीत. मग ती गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढते आणि चढ्या व्याजात अडकते. पुढच्या वेळी ताप आला की ती दवाखान्यात जायचंच टाळते. उत्पन्न कमी म्हणून आजार अंगावर काढायचा, आजार अंगावर काढला म्हणून उत्पन्न आणखी कमी. हे चाक असंच फिरतं.

आपण काय करू शकतो

इतिहास ऐकून सोडून द्यायचा नाही, म्हणून चार गोष्टी सुचवतो.

पहिली. धंद्याचा आराखडा करताना वर्षाचे ३६५ दिवस धरू नका. कच्चा माल, भाडं, वीज यांच्याबरोबर आजारपणाचे दिवस धरा. समजा वर्षाला पंधरा. तेवढ्या दिवसांची कमाई मालाच्या भावात बसवा. नोकरदाराच्या पगारात रजा बसवलेली असतेच. आपला भाव ठरवताना आपणच आपली रजा विसरतो आणि स्वस्तात माल विकतो.

दुसरी. आपल्या दशसूत्रीत बचत आणि कर्जाइतकंच आरोग्यही आहे. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असतो. तो कशासाठी वापरला जातो, ते बैठकीत विचारा. औषधासाठी मदत देताना बुडालेल्या दिवसांचाही विचार व्हावा, असा ठराव ग्रामसंघात मांडता येतो.

तिसरी. आजारी किंवा बाळंतीण सभासदेला बैठकीच्या गैरहजेरीचा दंड लावू नका आणि हप्त्याला मुदत द्या. कर्ज परत येणं महत्त्वाचंच आहे. पण अहमदाबादच्या बायांप्रमाणे आधी घरी जाऊन बघा. ती बुडवते आहे की बुडते आहे, हे दारात उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

चौथी गोष्ट गटाच्या हातातली नाही, ती मागायची आहे. आपण पै पै जमवून एकमेकींना आधार देतो. चांगलंच आहे. पण गरिबाने गरिबाला किती पुरं पडायचं? बाबासाहेबांनी १९२८ साली सांगितलं, हा भार आधी सरकारचा. माथाडींनी १९६९ साली दाखवून दिलं, की मालक ठरलेला नसला तरी वाटा घेता येतो. आपण शिवलेले कपडे दुकानदार विकतो, आपला मसाला व्यापारी नेतो, आपल्या डब्यावर कार्यालयं चालतात. मग बुडालेल्या दिवसाचा भत्ता आपल्याला का नसावा? ग्रामसभेत बोला, महिला सभेत बोला, मत मागायला येतात त्यांच्याशी बोला. 'औषध देता, ते ठीक. आमच्या दिवसाचं काय?' एवढंच विचारा.

खानावळवालीला हा प्रश्न विचारायला जागाच नव्हती. तिचं नाव कुठल्या पटावर नव्हतं. आपलं नाव आज गटाच्या रजिस्टरमध्ये आहे, बँकेत आहे, मतदार यादीत आहे. तेवढं पुरेसं नाही, पण प्रश्न विचारायला पुरेसं आहे.

आणि तोपर्यंत, ज्या मैत्रिणी आज ताप अंगावर घेऊन हे ऐकत असतील, त्यांनी आज आरोग्य केंद्रात जाऊन या. धंदा उद्या करता येईल.